लोहाराच्या भात्यापासून गॅसच्या बर्नरपर्यंत

पावसाळा तोंडावर आला की मुंबईच्या उपनगरांत रस्त्याच्या कडेला एखादं घिसाडी कुटुंब पाल टाकून बसलेलं दिसतं. जमिनीत वीतभर खड्डा, त्यात कोळसा, बाजूला हाताने फिरवायचा लोखंडी पंखा आणि समोर रोवलेली छोटी ऐरण. नवरा सांडशीत तापलेलं लोखंड धरतो, बायको दोन्ही हातांनी घण घालते आणि पोरगं पंखा फिरवतं. कोयते, विळे, गवंड्याच्या छिन्न्या असा माल समोर मांडलेला असतो. आपण भाव करतो, कोयता पिशवीत टाकतो आणि पुढची लोकल गाठतो.

आमच्या मुलुंडमध्ये ओळखीच्या एका तरुणाने तळमजल्यावरच्या गाळ्यात अशीच एक भट्टी मांडली. तिच्यात कोळसाही नाही आणि पंखाही नाही. उष्णता धरणाऱ्या विटांची लहानशी पेटी, तिच्या वरच्या भोकात बसवलेली लोखंडी नळी आणि नळीला रबरी पाइपाने जोडलेला गॅसचा सिलिंडर. पेटवल्यावर घोंघावल्यासारखा आवाज होतो आणि दहा-पंधरा मिनिटांत पेटीचा आतला भाग नारिंगी दिसू लागतो. शेजारपाजाऱ्यांची प्रतिक्रिया एकच होती. हे परदेशातलं खूळ इथे कशाला? मला मात्र ती भट्टी पाहून वाटलं, की हे खूळ वाटतं तितकं परकं नाही. आपल्याकडच्या आगीचा दीडशे वर्षांचा प्रवास या नळीत येऊन थांबला आहे. आज त्या प्रवासाविषयीच बोलायचं आहे.

सुरुवात भात्यापासून करू. गावगाड्यातल्या बारा बलुतेदारांत लोहाराचं स्थान मोठं होतं. नांगराचा फाळ बोथट झाला की तो त्याच्याकडे न्यायचा. लोहार तो तापवून, ठोकून पुन्हा टोकदार करून देई. मोबदला पैशांत नव्हे, तर सुगीच्या वेळी धान्यात. त्याच्या सगळ्या हत्यारांत महत्त्वाचा होता भाता. कातड्याची ती पिशवी दाबली की हवा मातीच्या नळीतून निखाऱ्यांच्या पोटात शिरते. उघड्यावर ठेवलेला कोळसा नुसता लाल होतो. त्याला भरपूर हवा मिळाली तर त्याच कोळशात १२००-१३०० अंश सेल्सिअसपर्यंत उष्णता साठते आणि लोखंडाला लोखंड चिकटवता येतं. म्हणजे लोहाराचं खरं इंधन अर्धं कोळशात असतं आणि अर्धं वाऱ्यात.

हा वारा देणारा माणूस सतत लागे. बहुधा ती बायको असे, नाहीतर मुलगा. १९६५ साली आलेल्या भालजी पेंढारकरांच्या 'साधी माणसं' या चित्रपटाने लोहाराच्या संसाराचं चित्र मराठी माणसाच्या मनात कायमचं बसवलं. पडद्यावर ते सुंदर दिसतं. प्रत्यक्षात मात्र दिवसभर भाता ओढणाऱ्या बाईची मजुरी कोणी वेगळी मोजली नाही. बलुतं मिळे ते लोहाराला.

कोळशामागेही माणसं होती. लोहाराला लाकडी कोळसा लागे आणि तो जंगलातून येई. आजचं मुलुंड त्या काळी ठाणे जिल्ह्यात मोडत होतं, कारण सगळा साष्टी तालुकाच ठाण्यात होता. १८७८ च्या वन कायद्याने सरकारने जंगलं राखीव करायला घेतली, तेव्हा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत एवढा असंतोष माजला की १८८५ मध्ये मुंबई सरकारला त्यासाठी चौकशी आयोग नेमावा लागला. झाडपाला, सरपण, कोळसा यांवरचे पिढीजात हक्क हा त्या तक्रारींचा गाभा होता. पुढे कोळसा पाडण्याचं काम मोठ्या प्रमाणावर कातकऱ्यांच्या वाट्याला आलं. व्यापाऱ्याकडून आगाऊ उचल घ्यायची आणि पावसाळा संपला की कुटुंबकबिल्यासह परमुलखात कोळशाच्या भट्ट्यांवर राबायचं, हा क्रम रायगड-ठाण्याच्या कातकरी पाड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या अनुभवला. कोळशाच्या भट्टीचं कौतुक करताना हा धूर आपण विसरता कामा नये.

गावच्या लोहाराला पहिला मोठा धक्का दिला तो कारखान्याने. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. रेल्वेला रूळ लागले, चाकं लागली, दुरुस्तीचे कारखाने लागले. परळ, माटुंगा इथल्या कारखान्यांत दगडी कोळशावरच्या भट्ट्या आणि वाफेवर चालणारे हातोडे आले. दुसरीकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन विषारी होईल या भीतीने शेतकरी सुरुवातीला तो घेईनात. पण नांगर रुळला आणि फाळ घडवण्याचं काम हळूहळू गावच्या ऐरणीवरून ओतशाळेकडे सरकलं. पहिल्या महायुद्धात लोखंड आणि कोळसा दोन्ही मिळेनासे झाले, तेव्हा शाहू महाराजांनी कोल्हापूरच्या जुन्या तोफा किर्लोस्करांना नांगरांसाठी दिल्या. तोफा वितळून नांगर झाले ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. पण ती गोष्ट टंचाईचीही आहे. आग पेटती ठेवायला इंधन लागतं, आणि ते ज्याच्या हाती असतं त्याच्या मर्जीवर कारागीर जगतो.

आता गॅसकडे येऊ. मुंबईला गॅसची ओळख फार जुनी आहे. १८६५ साली इथल्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. तो गॅस दगडी कोळशापासून काढलेला होता. त्याच्या दहा वर्षं आधी, १८५५ मध्ये, जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठात रॉबर्ट बुन्सेन यांनी आपला प्रसिद्ध बर्नर तयार करवून घेतला होता. शाळेच्या प्रयोगशाळेत आपण सगळ्यांनी तो पाहिला आहे. त्यातली युक्ती साधी आहे. गॅस बारीक भोकातून जोराने निघतो आणि जाताना बाजूच्या छिद्रांतून हवा आपल्याबरोबर ओढून नेतो. दोन्हींचं मिश्रण नळीतच होतं आणि ज्योत धूर न करता निळी जळते. मुलुंडच्या त्या गाळ्यातली नळी ही या बर्नरचीच धाकटी बहीण. भाता ओढणाऱ्या माणसाचं काम तिच्यात गॅसचा स्वतःचा वेगच करतो.

नळीतला गॅस मात्र वेगळा. १९१० च्या सुमारास अमेरिकेत वॉल्टर स्नेलिंग हे रसायनशास्त्रज्ञ पेट्रोल साठवणीत उडून का जातं याचा शोध घेत होते. उडून जाणाऱ्या वायूंत त्यांना प्रोपेन आणि ब्यूटेन सापडले. हे वायू थोड्या दाबाखाली द्रव होतात, त्यामुळे लोखंडी बाटलीत भरून कुठेही नेता येतात. आपल्याकडे १९५४-५५ मध्ये ट्रॉम्बेला तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले आणि त्याच सुमारास मुंबईच्या स्वयंपाकघरांत सिलिंडर आला. बर्मा शेल कंपनीच्या गॅसचं नाव होतं 'बर्शेन'. जुनी माणसं पुढे कितीतरी वर्षं कुठल्याही गॅसला बर्शेनच म्हणत. गॅसवरच्या पोळ्यांनी पोट बिघडतं अशी भीतीही तेव्हा घरोघरी होती. १९७६ मध्ये बर्मा शेलचं राष्ट्रीयीकरण झालं आणि तिची भारत पेट्रोलियम झाली.

परदेशातल्या हौशी लोहारांच्या पुस्तकांत सगळीकडे प्रोपेनचा उल्लेख असतो. आपल्या सिलिंडरात प्रोपेन आणि ब्यूटेन यांचं मिश्रण असतं. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतं, तर ब्यूटेन शून्याच्या जेमतेम खाली. त्यामुळे थंड देशांत हिवाळ्यात ब्यूटेनचा गॅसच होत नाही आणि शुद्ध प्रोपेन घ्यावं लागतं. मुलुंडच्या हवेत ती अडचण नाही. मात्र भट्टीला गॅस भराभर लागतो आणि द्रवाचा गॅस होताना तो सिलिंडरचीच उष्णता शोषून घेतो. म्हणून मे महिन्यातसुद्धा सिलिंडरच्या अंगावर दव साचलेलं दिसतं आणि ज्योत मंदावते.

इथे कोणीही विचारेल, की घरच्या शेगडीची ज्योतही गॅसचीच, मग तिच्यावर सळई पांढरी का होत नाही? कारण उष्णता चहूकडे निघून जाते. भट्टीत विटांची किंवा सिरॅमिक वूलची पेटी ती उष्णता कोंडून ठेवते, भिंतीच तापून लाल होतात आणि लोखंडाला सगळ्या बाजूंनी भाजतात. शिवाय शेगडीच्या रेग्युलेटरमधून गॅस फार कमी दाबाने येतो, भट्टीला त्याच्या कित्येक पट दाब लागतो. एक भाग प्रोपेन पुरतं जळायला सुमारे २४ भाग हवा लागते. हवा कमी पडली तर कार्बन मोनॉक्साइड हा रंग-वास नसलेला विषारी वायू तयार होतो, जास्त झाली तर लोखंडावर खवले धरतात.

म्हणूनच हा प्रयोग फ्लॅटमध्ये करण्याचा नाही, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर न जाता जमिनीलगत पसरतो, खोलगट जागी साचतो आणि एखाद्या ठिणगीची वाट पाहतो. त्याला मुद्दाम वास दिलेला असतो, तोच आपला पहारेकरी. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर स्वयंपाकासाठी असतो. २००० सालच्या सरकारी आदेशानुसार तो अशा कामाला वापरणं गुन्हा आहे. धंद्यासाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो. सिरॅमिक वूलचे बारीक तंतू फुप्फुसात जातात, म्हणून त्यावर उष्णतारोधक लेप द्यावा लागतो. त्या तरुणाने गाळ्याची पुढची-मागची दोन्ही दारं उघडी ठेवली होती, हे पाहून मला बरं वाटलं.

तरीही त्याचं पहिलं पातं फुकट गेलं. पाणी देताना त्यातून बारीक 'टिक' असा आवाज आला आणि धारेवर केसाएवढी चीर पडली. आग उत्तम होती, चुकली ती नजर. लोखंडाचा रंग वाचावा लागतो. गडद लाल, चेरीसारखा लाल, नारिंगी, पिवळा. प्रत्येक रंगाचं काम वेगळं. लोहाराची भट्टी नेहमी अंधाऱ्या कोपऱ्यात का असते याचं उत्तरही यातच आहे. उन्हात हे रंग खोटे दिसतात. पोलाद साधारण ७७० अंशांना लोहचुंबकाला चिकटेनासं होतं, ही खूण पुस्तकात मिळते. त्याच्या थोडं पुढे जाऊन थांबायचं, हे मात्र पुस्तक हातात धरून शिकवत नाही. त्या तरुणाने अखेर काय केलं? तो कडेच्या घिसाड्याकडे जाऊन बसला. चार दिवस नुसता रंग पाहत राहिला.

त्या बसण्यातून त्याने एक निरोप आणला, तो मला महत्त्वाचा वाटतो. त्याने घिसाडी बाईंना आपल्या बर्नरबद्दल सांगितलं. त्यांनी आधी पंखा फिरवणाऱ्या मुलाकडे पाहिलं आणि विचारलं, "मग ह्याला शाळंत घालता येईल का?" आणि लगेच दुसरा प्रश्न, "पण बाटला कुठल्या पत्त्यावर मिळंल?"

या दोन प्रश्नांत सगळा इतिहास आला. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळवण्याचे आदेश दिले. शहराची हवा पाहता ते योग्यच होतं. उद्या रस्त्यावरच्या निखाऱ्यांचीही पाळी येईल. बेकरीवाल्याला दुकान असतं, परवाना असतं, त्यामुळे त्याला जोडणी मिळते. ज्याला पत्ताच नाही त्याला सिलिंडर कोण देणार? घिसाडी समाज महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत आहे, पण यादीत नाव असणं आणि शिधापत्रिकेवर पत्ता असणं यांत बरंच अंतर आहे.

मुलुंडने ही स्थित्यंतरं जवळून पाहिली आहेत. १९२२ मध्ये आखून वसवलेलं हे गाव १९५७ मध्ये बृहन्मुंबईत आलं. शास्त्री मार्गावर रिचर्डसन अँड क्रुडाससारखे कारखाने होते, लोखंड कापण्या-जोडण्याचा आवाज इथल्या सकाळचा भाग होता. त्या रस्त्यावरच्या अनेक कारखान्यांच्या जागी आता मॉल आणि टोलेजंग इमारती आहेत. मोठ्या फोर्जिंग कारखान्यांत आता विजेच्या इंडक्शनने, ज्योतीशिवाय लोखंड तापवलं जातं. अशा वेळी एखाद्या गाळ्यात एक मुलगा पुन्हा ऐरण मांडतो, याचं मला अप्रूप वाटतं. त्याला हौस आहे, सिलिंडर आहे आणि पत्ताही आहे. रस्त्याकडेच्या कुटुंबाकडे नजर आहे आणि पिढ्यांचा हात आहे.

भाता ओढणाऱ्या हातांना विसावा मिळाला तर ते चांगलंच होईल. मात्र तो विसावा हौशी माणसाच्या गाळ्याबरोबर पालातल्या ऐरणीलाही मिळायला हवा. घिसाडी बाईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अजून त्या तरुणाकडे नाही. माझ्याकडेही नाही. ते सरकारदरबारी आणि आपल्या सगळ्यांकडे मागायला हवं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)