कुऱ्हाडीचा दांडा आणि बिनमालकाचं रान

इतिहासाच्या व्याख्यानात संगणकावरच्या खेळांचं काय काम, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. पण रानात एकट्यानं तगून राहायचे जे खेळ आज मुलं खेळतात, त्यांचा पहिला धडा इतिहासाचाच असतो. माणूस रिकाम्या हातानं जंगलात उभा आहे. भूक आहे, थंडी आहे, रात्र जवळ येते आहे. त्यानं काय करायचं? लाकूड गोळा करायचं आणि हत्यार घडवायचं. मानवजातीची सगळी वाटचाल या खेळांनी पहिल्या दहा मिनिटांत बसवलेली असते. ती वाटचाल त्यांनी कशी बसवली, त्यात काय टिकलं आणि काय गळालं, हे आज आपण पाहू.

सुरुवात सगळ्यांना माहीत असलेल्या खेळापासून करू. 'माइनक्राफ्ट' २००९ साली लोकांपुढे आला आणि २०११ साली पूर्ण रूपात प्रसिद्ध झाला. त्यात खेळाडू झाडाच्या बुंध्यावर मूठ मारत राहतो आणि तीन सेकंदांत ओंडका हाती येतो. एका ओंडक्याच्या चार फळ्या, दोन फळ्यांच्या चार काठ्या, आणि मग फळ्या व काठ्या जोडून कुऱ्हाड. गंमत म्हणजे बुंधा काढून घेतला तरी वरचं झाड हवेत तसंच उभं राहतं. त्या खेळातला एक ओंडका म्हणजे एक घनमीटर लाकूड. वाळलेलं सागवान धरलं तर त्याचं वजन साधारण साडेसहाशे किलो भरेल. असे ६४ ओंडके खेळाडूच्या पिशवीच्या एका कप्प्यात मावतात, म्हणजे ४० टनांहून जास्त. आपल्याकडे डोंगरातून मोळी घेऊन उतरणारी बाई वीस-पंचवीस किलो डोक्यावर घेते आणि तेवढ्यानं तिची मान आखडते.

खेळ आहे, त्यात एवढा हिशेब कशाला, असं कुणी म्हणेल. मान्य. पण खेळ काय सोपं करतो आणि काय अवघड ठेवतो, यावरून त्या खेळामागचा विचार दिसतो. म्हणून त्या विचाराची मुळं थोडी खणू.

पहिलं मूळ डॅनियल डीफोच्या 'रॉबिन्सन क्रूसो'त सापडतं. ही कादंबरी १७१९ सालची. एकटा माणूस, निर्जन बेट आणि स्वतःच्या हातांनी उभारलेला संसार, हा साचा तिथून आला. पण क्रूसो रिकाम्या हातानं सुरुवात करत नाही, हे आपण विसरतो. फुटलेल्या जहाजावरून तो सुताराची पेटी उतरवून आणतो. कुऱ्हाडीही आणतो. त्या दुसऱ्याच कुणा लोहारानं घडवलेल्या. आणि तरीही एका फळीसाठी त्याला ४२ दिवस लागतात. झाड पाडायचं, दोन्ही बाजूंनी तासत आणायचं, आणि अख्ख्या झाडातून एकच फळी काढायची. दोन करवतकरी असते तर त्यांनी त्याच झाडातून अर्ध्या दिवसात सहा फळ्या काढल्या असत्या, हेही तोच सांगतो. म्हणजे ज्या पुस्तकातून 'एकट्या कर्तबगार माणसा'ची कल्पना निघाली, त्या पुस्तकालाच एकटेपणाची किंमत ठाऊक होती. खेळांनी कल्पना घेतली आणि ४२ दिवस गाळले.

दुसरं मूळ डेन्मार्कमध्ये आहे. कोपनहेगनच्या संग्रहालयातल्या जुन्या वस्तू लावताना क्रिस्टियन थॉमसन यांनी त्या तीन गटांत विभागल्या: दगडाच्या, कांस्याच्या आणि लोखंडाच्या. १८३६ साली ही मांडणी छापली गेली आणि पाषाणयुग, कांस्ययुग, लोहयुग हे शब्द जगभर रूढ झाले. खेळांतली हत्यारांची पायरी हीच आहे: आधी लाकडी कुऱ्हाड, मग दगडी, मग लोखंडी, आणि काही खेळांत तर हिऱ्याचीसुद्धा. वरच्या पायरीवर पाय ठेवला की खालची निकामी.

प्रत्यक्षात असं घडलं नाही. १९९१ साली आल्प्स पर्वतात, ऑस्ट्रिया आणि इटलीच्या सीमेवर, बर्फात जपला गेलेला एक माणूस सापडला. त्याला 'ओट्झी' म्हणतात. काळ सुमारे इसवी सनापूर्वी ३३०० वर्षं. त्याच्याकडे तांब्याची कुऱ्हाड होती आणि गारगोटीच्या पात्याचा सुराही होता. दोन 'युगं' एकाच माणसाच्या अंगावर! आणि आपल्या विषयाच्या दृष्टीनं त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे त्याची लाकडं. कुऱ्हाडीचा दांडा यू नावाच्या चिवट झाडाचा. अर्धवट घडवलेलं धनुष्यही यूचंच. सुऱ्याची मूठ ॲश झाडाची. बाणांच्या काड्या वेगळ्याच एका झुडपाच्या, आणि १४ काड्यांपैकी पूर्ण झालेले बाण फक्त दोन. पाठीवरच्या चौकटीला हेझेलची फांदी, आणि भांडी बर्चच्या सालीची. या माणसाला 'लाकूड' असा एकच पदार्थ माहीत नव्हता. त्याला झाडं माहीत होती.

आपल्याकडच्या सुताराला किंवा आदिवासी शेतकऱ्याला विचारा. तो सांगेल, कुऱ्हाडीच्या दांड्याला धावडा चांगला, तो धक्का सोसतो. नांगराला बाभूळ. घराला साग. दांड्यासाठी लाकूड कधी तोडायचं, किती दिवस सावलीत वाळवायचं, हेही तो सांगेल. ओल्या लाकडाचा दांडा घातला तर तो वाळून आकसतो आणि पातं नेढ्यात खुळखुळू लागतं. मग पाचर ठोकत बसा. हे ज्ञान पुस्तकात कमी आणि हातात जास्त असतं.

इथे आपण दांड्यापाशी थांबू, कारण खेळांत सर्वांत दुर्लक्षित वस्तू तीच आहे. 'डोन्ट स्टार्व्ह' या २०१३ सालच्या खेळात एक काटकी आणि एक गारगोटी जोडली की कुऱ्हाड तयार होते. शंभर घाव झाले की ती अख्खी नाहीशी होते. खऱ्या कुऱ्हाडीचं उलट असतं. मोडतो तो दांडा. पातं राहतं, त्याला पुन्हा धार लावतात आणि नवा दांडा घालतात. दगडी पात्याला दांडा बसवणं तर फारच कौशल्याचं, कारण दगडाला सहजासहजी नेढं पाडता येत नाही. पातं लाकडात बसवावं लागतं, आणि ठोका जास्त बसला तर लाकूडच चिरतं. ओट्झीचा दांडा पाहा. खोडाला काटकोनात फुटलेली फांदी निवडून, तिच्या बुडख्याला खाच पाडून त्यात पातं बसवलं आहे, बर्चच्या डांबरानं चिकटवलं आहे आणि वर चामड्याच्या वादीनं घट्ट बांधलं आहे. असं नैसर्गिक कोपर असलेलं खोड शोधायला तो किती हिंडला असेल!

'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' ही आपली म्हण आपण फितुरांसाठी वापरतो. पण ती ज्यानं पहिल्यांदा उच्चारली, त्याला एक साधी गोष्ट माहीत होती. लोखंड एकटं झाड पाडू शकत नाही, त्याला लाकडाचीच मदत लागते.

दगडी कुऱ्हाड खरंच काम करते का? हा प्रश्न अभ्यासकांनाही पडला होता. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला डेन्मार्कच्या द्रावेद जंगलात याचा प्रयोग झाला. योहानेस इव्हर्सन आणि योर्गन ट्रोल्स-स्मिथ ही त्यामागची प्रमुख माणसं. संग्रहालयातली खरीखुरी गारगोटीची पाती घेतली आणि दलदलीत टिकून राहिलेल्या एका जुन्या दांड्याच्या नमुन्यावर नवे दांडे केले. पोलादी कुऱ्हाडीला सरावलेले लाकूडतोडे अंग झोकून घाव घालू लागले, तर दगडी पाती तुटू लागली. मग नवी रीत शिकावी लागली: कोपर आणि मनगटातून छोटे, भराभर घाव. ते जमल्यावर फूटभर जाडीचं ओकचं झाड अर्ध्या तासाच्या आत पडू लागलं. तीन माणसांनी चार तासांत सुमारे ५०० चौरस मीटर रान मोकळं केलं. एका पात्यानं तर शंभराहून अधिक झाडं पाडली, आणि पाषाणयुगानंतर त्याला कुणी धारही लावली नव्हती.

म्हणजे हत्यार कच्चं नव्हतं. ते वापरायची विद्या विस्मरणात गेली होती. खेळांच्या रचनाकारांना यातून एक सुंदर कल्पना मिळू शकते. वरच्या पायरीची कुऱ्हाड देण्याऐवजी खेळाडूचा हात तयार होऊ द्या. काही खेळ त्या दिशेनं गेलेही आहेत. कॅनडात तयार झालेल्या 'द लाँग डार्क'मध्ये धनुष्यासाठी तोडलेलं कोवळं मेपलचं झाड घरात ठेवून कित्येक दिवस वाळवावं लागतं, तेव्हाच ते कामाचं होतं. शिवाय लाकूड तोडायला वेळ लागतो आणि अंगातली ताकद खर्च होते, त्यामुळे खेळाडू बऱ्याचदा पडलेल्या काटक्या वेचणंच पसंत करतो. स्वीडनच्या 'वालहाइम'मध्ये पाडलेलं झाड तुमच्या अंगावर पडून तुम्ही मरू शकता. निदान झाडाला वजन आहे, एवढं तरी तिथे कळतं.

आता व्याख्यानाच्या मुख्य मुद्द्याकडे येऊ. वेळ, वजन, लाकडाची जात, हाताचं कसब, हे सगळं खेळात आणता येईल. पण एक प्रश्न हे खेळ सहसा विचारत नाहीत: हे लाकूड कुणाचं? खेळाडू जंगलात शिरतो तेव्हा ते बिनमालकाचंच असतं. इतिहासात असं रान शोधायला गेलं तर फार लांब जावं लागतं.

इंग्लंडमध्ये १२१७ साली 'वनसनद' निघाली. राजाच्या शिकारी जंगलांत सामान्य माणसाचे काही हक्क तिनं मान्य केले. घरदुरुस्तीला, कुंपणाला, चुलीला लाकूड घेण्याचा हक्क तिथल्या कायद्यात पुढे शतकानुशतकं चर्चेत राहिला. जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या प्रांतात १९ व्या शतकात वाद पेटला तो याहून बारीक मुद्द्यावर. झाडावरून गळून पडलेली काटकी उचलणं ही चोरी आहे का? प्रांतिक सभेत ती चोरी ठरवण्याचा कायदा आला, आणि १८४२ साली एका तरुण पत्रकारानं त्यावर लेखमाला लिहिली. त्याचं नाव कार्ल मार्क्स. गरिबांच्या सरपणाच्या प्रश्नानंच आपल्याला अर्थकारणाकडे वळवलं, असं त्यानं पुढे नमूद केलं आहे.

आणि आपल्याकडे? १८७८ च्या वन कायद्यानं जंगलांचे राखीव, संरक्षित असे वर्ग पाडले. ठाणे-कुलाब्याकडचे शेतकरी भातरोपांच्या वाफ्यावर टहाळ आणि पालापाचोळा पसरून जाळत, त्याला 'राब' म्हणतात. तो टहाळ तोडणंच अडचणीत आलं. तक्रारी इतक्या वाढल्या की मुंबई सरकारला १८८५ साली चौकशीसाठी वन आयोग नेमावा लागला. त्याच सुमारास जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये लिहिलं की पूर्वी डोंगरावरची पानं, फळं, लाकूडफाटा यांवर गुजराण करणाऱ्या गरिबांचा तो आधारच वनखात्यानं काढून घेतला. १९३० साली जुलैत लोकनायक अणे यांनी पुसदजवळ राखीव जंगलातलं गवत कापून जंगल सत्याग्रह सुरू केला. २५ सप्टेंबरला उरणजवळच्या चिरनेरला अक्कादेवीच्या डोंगरावर लोक लाकूड तोडायला निघाले आणि पोलिसांच्या गोळीबारात माणसं मारली गेली. मिठाचा सत्याग्रह आपण सगळे जाणतो. गवताचा आणि काटकीचा सत्याग्रह आपल्या पाठ्यपुस्तकांत एका ओळीत उरकतो.

ही गोष्ट जुनी झाली असंही नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. स्वतःच्या जंगलातला बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती यायला मात्र २०११ साल उजाडलं. हक्क कागदावर आला तरी बांबू नाक्यापलीकडे नेता येत नव्हता. लाकूड तोडणं आणि लाकूड नेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिथल्या कुणालाही विचारा.

म्हणून खेळ घडवू पाहणाऱ्या तरुणांना आम्ही एक सुचवू. रानात राहायचा खेळ करा, जरूर करा. पण पहिल्या झाडाजवळ खेळाडू गेला की तिथे एखादी वाट दिसू द्या, कुणाच्या तरी पायांनी पडलेली. एखाद्या खोडावर जुन्या घावाची खूण असू द्या. वाळकी काटकी वेचली तर चालेल, पण मोहाच्या झाडाला हात लावला तर गाव विचारेल, असा नियम ठेवून बघा. दांड्यासाठी योग्य लाकूड कुठलं, हे एखाद्या म्हातारीला विचारल्याशिवाय कळू नये, आणि तिनं सांगावं म्हणून आधी तिची मोळी घरापर्यंत पोहोचवावी लागावी. यानं खेळ कमी अवघड होणार नाही. उलट जिवंत राहणं म्हणजे काय, याचा अर्थ त्यात मोठा होईल, कारण माणूस जंगलात बहुतेक वेळा एकट्यानं तगलेला नाही.

रिकामं, बिनमालकाचं, वाट पाहत उभं असलेलं रान ही कल्पना खेळांनी शोधली नाही. डोंगराचे नकाशे काढून त्यावर सीमारेषा ओढणाऱ्यांच्या मनातही असंच काहीसं रान होतं, आणि त्या रेषेच्या आत राहणाऱ्यांना त्याची किंमत मोजावी लागली. मुलांच्या हातातला पडदा ती कल्पना पुन्हा रुजवतो आहे का, हे तपासणं इतिहासाच्या अभ्यासकांचं काम आहे असं आम्हाला वाटतं.

इथे थांबू. आता आपल्या प्रश्नांकडे वळू या.