पलटणीतले पंडितजी

मागच्या नोव्हेंबरात, म्हणजे २५ नोव्हेंबर २०२५ ला, सर्वोच्च न्यायालयाने एका लष्करी अधिकाऱ्याची याचिका फेटाळली, तेव्हा दोन दिवस फेसबुकवर रणकंदन झालं. अधिकारी ख्रिश्चन, तुकडी शीख जवानांची. परेडला तो जायचा, पण मंदिर-गुरुद्वाऱ्याच्या गाभाऱ्यात पूजेला उभं राहायला त्याने नकार दिला. २०२१ मध्ये नोकरी गेली. दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये बडतर्फी कायम ठेवली, मग सर्वोच्च न्यायालयानेही. बाजू घ्यायची ती सगळ्यांनी घेऊन झाली. पण मंडळी, त्या गाभाऱ्यात आरती करणारा माणूस कोण असतो, हे कुणी विचारलंच नाही.

तो भाडोत्री पुजारी नसतो. तो सैन्यातलाच, नायब सुभेदार हुद्द्याचा, अंगावर वर्दी असलेला माणूस. सरकारी कागदावर 'धर्मशिक्षक', जवानांच्या तोंडी 'पंडितजी', 'ग्रंथीजी', 'मौलवीसाहेब', 'पाद्रीसाहेब'. नगरजवळ के. के. रेंज आहे ना (खारे कर्जुने गावावरून नाव पडलं), तसल्या माळावर पलटण सरावाला गेली की एका तंबूत देव मांडला जातो आणि हा माणूस तिथे असतो. दिवसभर गोळीबार, संध्याकाळी आरती. भरतीच्या जाहिरातीत त्याची कामं लिहिलेली असतात: अंत्यसंस्काराला हजर राहणं, इस्पितळात आजाऱ्यांपाशी बसणं, शिक्षा भोगणाऱ्या जवानाला भेटणं. आरतीपेक्षा ही शेवटची दोन कामं मला जास्त अवघड वाटतात.

हे पद कशासाठी, हे समजायला शंभर वर्षं मागे जावं लागतं, इराकातल्या कुत गावी.

पहिलं महायुद्ध. जनरल टाऊनशेंडची सहावी 'पूना डिव्हिजन' डिसेंबर १९१५ मध्ये कुतला तुर्की वेढ्यात अडकली. त्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. म्हणजे कोकणातली, घाटावरची आपलीच पोरं. धान्य संपत आलं तसे घोडे आणि खेचरं कापायला सुरुवात झाली. गोऱ्या शिपायांनी ते मांस खाल्लं. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी, हिंदू आणि मुसलमान दोघांनीही, हात लावला नाही. टाऊनशेंडने हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून बिनतारी संदेशाने परवानगी मागवली. ती आलीसुद्धा. तरी शिपाई बधेनात.

आता याला अडाणीपणा म्हणायचा मोह होतो. पण त्यांचं म्हणणं ऐका. आम्ही इथे खाल्लं आणि गावी कळलं, तर आमच्याशी सोयरीक कोण करणार? आपल्या घरच्या मुलींना स्थळं कोण देणार? पंचायतीने वाळीत टाकण्याचा तो काळ होता. त्या भीतीपुढे तारेवरून आलेलं शास्त्र काय कामाचं! अंगावर मांस राहिलं नाही, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. एप्रिल उजाडला, आणि वरून सक्त ताकीद आली, तेव्हा कुठे बरेच जण खायला लागले. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. सुमारे १३ हजार कैदी, आणि त्यातले हजारो पुढे वाळवंटातल्या पायपिटीत आणि छावण्यांत मेले. आधीच खंगलेली शरीरं किती टिकणार होती?

माझ्या मते पलटणीत धर्म सांगणारा माणूस लागतो तो इथे. त्याच चिखलात झोपणारा, तेच खाणारा माणूस 'खा रे बाबांनो' म्हणाला तर शब्दाला वजन येतं. दूरच्या फतव्याला ते येत नाही.

आपल्या रायगडाला हे परकं नाही. माणगावजवळच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत लढताना पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. महाडकडे तर फौजी आंबवडे नावाचं गावच आहे. आमच्या शेलूला फक्त लोकल थांबते, पण पुण्या-खडकीकडे जाणाऱ्या गाड्या काळ्या ट्रंका आणि होल्डॉल घेऊन इथूनच धडधडत जातात.

त्या पुण्यातच राष्ट्रीय एकात्मता संस्था आहे. लष्कराचीच. पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री तिथे एकत्र शिकतात, एकमेकांच्या धर्माची तोंडओळख करून घेतात. कल्पना मोठी चांगली आहे. मंदिर, मशीद, गुरुद्वारा, चर्च एका छपराखाली आणणारी 'सर्वधर्मस्थळं' त्याच विचाराची. त्या अधिकाऱ्याची तक्रारही हीच होती की आमच्या रेजिमेंटला सर्वधर्मस्थळ नव्हतं. न्यायालयाने शिस्तीचा मुद्दा वरचढ मानला. निकाल कायद्याने बरोबर असेलही, पण प्रत्येक तळावर सर्वधर्मस्थळ का असू नये, हा प्रश्न त्याने मिटत नाही.

आणि आपल्या महाराष्ट्राचा आणखी एक प्रश्न आहे. २०२२ च्या भरतीत धर्मशिक्षकांच्या १२८ जागा होत्या. त्यात पंडितांच्या १०८, गोरखा पलटणींसाठी वेगळे पंडित ५, ग्रंथी ८, मौलवी ४, पाद्री २. बौद्ध भिक्खू किती? एक. तोही महायान पंथाचा, लडाख स्काउट्ससाठी. आता महार रेजिमेंट बघा. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात उभी राहिली. आज तिच्यात सगळ्या जातीधर्मांचे जवान आहेत, पण १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेनंतर ज्या घरांनी बुद्ध स्वीकारला, त्या घरांतली मुलं आजही सैन्यात जातात, त्या रेजिमेंटमध्ये आणि इतरही ठिकाणी. त्यांच्यातलं कुणी सरावात दगावलं, तर त्रिशरण-पंचशील म्हणायला कोण? त्या जाहिरातीत तरी त्याची सोय दिसत नाही. आपल्याकडच्या खासदारांपैकी कुणी हे संसदेत विचारलं तर बरं होईल. एका ओळीचा तर प्रश्न आहे.

जाता जाता, कर्जत-खालापुरातल्या संस्कृत घेतलेल्या पोरांसाठी: पंडिताच्या जागेला पदवी लागते, शिवाय संस्कृत-कर्मकांडाचं शिक्षण; २०२२ च्या भरतीत वय २५ ते ३६ होतं. आणि १६०० मीटर आठ मिनिटांत धावावं लागतं, सोवळं सांभाळून नव्हे, बूट घालून.