राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरण (भारत)

आत्महत्यांमुळे होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण २०३० पर्यंत १० टक्क्यांनी घटवण्यासाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेले धोरण. तीन वर्षांत परिणामकारक सर्वेक्षण यंत्रणा, पाच वर्षांत सर्व जिल्ह्यांत मानसोपचार बाह्यरुग्ण विभाग आणि आठ वर्षांत शैक्षणिक संस्थांत मानसिक स्वास्थ्याचा अभ्यासक्रम, हे त्याचे टप्पे होत. आत्महत्यांची अधिकृत आकडेवारी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग पोलीस नोंदींवरून संकलित करतो. या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या, सर्वाधिक महाराष्ट्रात. बदनामीच्या व पोलीस चौकशीच्या भीतीने काही घटना लपवल्या जात असल्याने प्रत्यक्ष संख्या अधिक मानली जाते. म्हणूनच रुग्णालयीन नोंदींवर आधारित सर्वेक्षण महत्त्वाचे ठरते. शासनाची ‘टेली-मानस’ ही समुपदेशन सेवा १४४१६ क्रमांकावर चोवीस तास निःशुल्क उपलब्ध आहे.