सोडा फाउंटनची कल्हई



ताक पितळेच्या भांड्यात का ठेवू नये, हे मराठी घरात कुणाला शिकवावं लागत नाही. ते कळकतं. आंबट पदार्थ तांब्या-पितळेला लागला की धातू त्यात उतरतो, चव बिघडते आणि पोटही बिघडतं. म्हणून आपल्याकडे भांड्यांना कल्हई करत. आज ज्या यंत्राचा इतिहास पाहायचा आहे, त्याचं निम्मं रहस्य या 'कळकणं' शब्दात आहे. ते यंत्र म्हणजे सोडा फाउंटन. दांडा ओढला की थंडगार, फसफसतं पाणी ग्लासात सोडणारं.

मी सैन्यात ईएमईमध्ये होतो. तोफा, गाड्या आणि त्यांचे पंप दुरुस्त करणारं हे दल. निवृत्तीनंतर सिकंदराबादला राहिलो. इथल्याच एका बंद पडलेल्या सिनेमागृहाच्या सामानातून असं एक टेबलावर ठेवायचं यंत्र माझ्याकडे आलं. दोन तोट्या, वर क्रोमचं झाकण, कंपनीची पाटी गायब. वय साधारण माझ्याइतकंच. ते चालू करायला घेतलं आणि लक्षात आलं, की यात कुठला पाइप बदलायचा हे ठरवायचं तर आधी इतिहास वाचावा लागेल.

पहिली तक्रार भांड्याची

इंग्लंडमधल्या लीड्स शहरात १७६७ साली जोसेफ प्रीस्टली हे धर्मोपदेशक एका बिअरच्या कारखान्याशेजारी राहत होते. आंबणाऱ्या पिंपावर एक जड वायू तरंगत असतो, हे त्यांनी पाहिलं. त्या थरात धरून पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत राहिलं, की त्याला झिणझिणी चव येते. पुढे त्यांनी खडूवर गंधकाम्ल टाकून तोच वायू तयार केला आणि १७७२ मध्ये त्याची कृती छापली. दर्यावर्दी लोकांना होणारा स्कर्व्ही रोग या पाण्याने बरा होईल, ही त्यांची आशा मात्र फोल ठरली.

प्रीस्टली वायू साठवायला जनावराचं मूत्राशय वापरत. जॉन मर्विन नूथ या डॉक्टरांनी तक्रार केली, की या पाण्याला मूत्राचा वास येतो. त्यांनी स्वतः काचेचं उपकरण बनवलं. म्हणजे सोडा वॉटरबद्दलची ही सुरुवातीची तक्रार वायूबद्दल नव्हती, पाण्याबद्दलही नव्हती. ती भांड्याबद्दल होती, आणि पुढची दीडशे वर्षं ती मिटली नाही.

याचं कारण साधं आहे. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की थोडं कार्बोनिक आम्ल तयार होतं. साध्या पाण्याचा पीएच सातच्या आसपास असतो, सोडा वॉटरचा चारच्या जवळ येतो. आपल्या भाषेत सांगायचं तर सोडा वॉटर हे आंबट पाणी आहे. नावात सोडा आला, कारण सुरुवातीचे उत्पादक त्यात थोडा खाण्याचा सोडा घालत. पुढे बहुतेकांनी सोडा घालणं सोडलं, नाव तेवढं राहिलं.

आम्ल, संगमरवर आणि शिसं

श्वेप यांनी १७८३ मध्ये जिनिव्हात हे पाणी व्यापारासाठी बनवायला घेतलं आणि १७९२ मध्ये ते लंडनला गेले. पण त्याला दुकानातल्या तोटीपर्यंत आणलं ते अमेरिकेने. इंग्लंडहून न्यूयॉर्कला आलेल्या जॉन मॅथ्यूज यांनी १८३२ च्या सुमारास यंत्रं बनवायला सुरुवात केली. ओतीव लोखंडाचं जाड पात्र, त्यात संगमरवराचा चुरा आणि वरून गंधकाम्ल. वायू निघतो, तो पाण्यातून धुऊन घ्यायचा आणि दुसऱ्या टाकीत थंड पाण्यात दाबाने कोंडायचा. न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक कॅथेड्रलच्या बांधकामातले वाया गेलेले संगमरवराचे तुकडे मॅथ्यूज यांनी यासाठी घेतले, असं सांगतात.

इथे अभियंत्याचं डोकं दिसतं. वायू तयार होणाऱ्या पात्राला आतून शिशाचं अस्तर होतं. गंधकाम्ल शिशाला खात नाही, कारण त्याच्यावर एक न विरघळणारा थर धरतो. लोखंड मात्र ते खाऊन टाकील. म्हणजे त्या पात्राला शिसं योग्य. पण पिण्याचं पाणी ज्या टाकीत आणि नळीत जातं, तिथे तेच शिसं विष आहे. तांबं मजबूत, पण आंबट पाण्यात उतरतं. उरलं कथील. म्हणून तांब्याच्या टाक्यांना आतून कथलाचं अस्तर देत आणि चांगल्या यंत्रांत नळ्या शुद्ध कथलाच्या असत. बोस्टन, न्यूयॉर्कचे कारागीर जे करत होते, ती आपली कल्हईच होती.

दाब मोजायची पद्धत ऐकून आजचा कुठलाही सुरक्षा अधिकारी झोपेतून उठेल. मॅथ्यूज यांच्याकडे बेन ऑस्टिन नावाचा, पूर्वी गुलाम असलेला एक कामगार होता. तो तोटीवर अंगठा दाबून धरायचा. अंगठा उडाला म्हणजे दाब चौरस इंचाला १५० पौंड झाला, अशी कथा आहे. कथेत किती तथ्य असेल ते असो, पण दाबमापक नसलेल्या काळात माणसाचं शरीर हेच उपकरण होतं, एवढं त्यातून कळतं.

देखाव्याचा काळ

१८६० नंतर सोडा फाउंटन देखणं झालं. गुस्टाव्हस डाउज यांनी १८६३ मध्ये संगमरवरी फाउंटनचं पेटंट घेतलं. जेम्स टफ्ट्स यांची यंत्रं तर देव्हाऱ्यासारखी दिसत. खांब, कळस, चांदीच्या मुलाम्याच्या तोट्या. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात सोडा विकण्याच्या हक्कासाठी टफ्ट्स आणि चार्ल्स लिपिनकॉट यांनी ५०,००० डॉलर मोजले. तिथून ही यंत्रं गावोगावच्या औषधांच्या दुकानांत पोचली. ८ मे १८८६ रोजी अटलांटातल्या जेकब्स फार्मसीत पाच सेंटला एक ग्लास या दराने जे नवं सरबत विकायला ठेवलं, ते कोका-कोला. तेही सोडा फाउंटनचंच अपत्य.

बाहेरून संगमरवर, आतून मात्र तेच जुनं दुखणं. कथलाचा थर वळणावर, जोडावर झिजतो. झिजला की आतलं तांबं उघडं पडतं आणि ते बाहेरून दिसत नाही. गिऱ्हाइकाला कळस दिसतो, नळीचं पोट दिसत नाही.

पुढे दोन गोष्टींनी चित्र बदललं. १८८८ मध्ये शिकागोच्या जेकब बाउर यांनी द्रवरूप कार्बन डायऑक्साइड सिलिंडरमध्ये भरून विकायला सुरुवात केली. त्यामुळे दुकानातून आम्ल, संगमरवराचा चुरा आणि तो चिखल गेला. दुसरी गोष्ट विसाव्या शतकातली, न गंजणारं पोलाद. स्टेनलेस स्टीलच्या टाक्या, नळ्या आल्यावर अस्तराची गरजच उरली नाही. १९३३ च्या शिकागो जत्रेत सरबत आणि सोडा आपोआप मिसळून देणारं यंत्र लोकांनी पाहिलं. माझ्या टेबलावरचं यंत्र त्याच घराण्यातलं.

आपल्याकडची काच

हिंदुस्थानात फाउंटनपेक्षा बाटली रुजली, आणि तिला छावणीने हात दिला. १८६३ च्या शाही आरोग्य आयोगाने इथल्या ब्रिटिश सैनिकांचा वार्षिक मृत्युदर हजारी ६९ सांगितला. त्यातले बहुतेक रोगांनी गेले, लढाईत नाही. पाण्याची भीती खरी होती. त्यामुळे बाटलीबंद, फसफसणारं पाणी विश्वासाचं वाटे, आणि पलटणींचे स्वतःचे सोडा वॉटरचे कारखाने असत. मात्र एक गोष्ट इथे ठासून सांगतो. वायू भरल्याने घाण पाणी शुद्ध होत नाही. सोडा तेवढाच सुरक्षित, जेवढं त्यातलं पाणी.

लंडनच्या हायरम कॉड यांनी १८७२ मध्ये गोटीच्या बाटलीचं पेटंट घेतलं. बाटली काचेची, बूच म्हणून काचेची गोटी, तोंडाशी रबराची कडी. आतल्या दाबाने गोटी कडीवर घट्ट बसते. आपण तिला गोटी सोडा म्हणतो, दिल्लीकर बंटा म्हणतात, दक्षिणेत ती गोली सोडा. पुण्याच्या कॅम्पात आर्देशीर १८८४ पासून आणि मुंबईत ड्यूक १८८९ पासून बाटल्या भरू लागले. अस्तराच्या दृष्टीने पाहा. आंबट पाण्याला बाटलीत काच आणि रबर, दोनच गोष्टींचा स्पर्श. नूथ यांनी जे काचेचं उत्तर काढलं होतं, ते शंभर वर्षांनी आपल्या गल्लीत आलं.

माझ्या टेबलावर

आता यंत्राकडे येऊ. उघडल्यावर आत तांब्याच्या नळीचं वेटोळं निघालं, आतून कल्हई केलेलं. एक वळण कापून उभं चिरलं. सरळ भागात करडा थर होता, वळणाच्या बाहेरच्या बाजूला लाल तांबं आणि त्यावर हिरवट साका. तोट्या पितळेच्या, आतला मुलामा गेलेला. जोड डाखाचे, आणि जुन्या डाखात शिसं असतंच असं धरून चालावं. रबरी वॉशर दगड झालेले.

शेजारच्या एका मित्राने विचारलं, "कर्नलसाहेब, कल्हईवाला बोलवा की!" प्रश्न रास्त आहे. कल्हईला भांडं तापवून, नवसागर टाकून, वितळलेलं कथील कापसाच्या बोळ्याने फिरवावं लागतं. तपेल्यात हात जातो. सहा मिलिमीटरच्या वेटोळ्यात बोळा कुठून जाणार? त्यात बाजारातल्या स्वस्त कथलात शिसं मिसळलेलं असू शकतं. या यंत्रातला पहिला ग्लास माझी नात मागणार होती. शिशाची इजा लहान मुलांना सर्वांत जास्त होते.

म्हणून नियम एकच ठेवला. आंबट पाण्याला जिथे जिथे स्पर्श, तिथे फक्त स्टेनलेस स्टील आणि खाद्यपदार्थांसाठीची नळी. वेटोळं नवं. तोट्यांचे दांडे जुने, पोट नवं. वायू मिसळायची टाकी सरळ बदलली, कारण जुन्या टाकीवर तिचा कमाल दाब वाचता येत नव्हता. ज्या टाकीचा कमाल दाब माहीत नाही तिच्यात दाब भरू नये, हे दलातलं पहिल्या वर्षाचं शिक्षण. नव्या जोडणीची चाचणी कामाच्या दाबाच्या दीडपट दाबाने घेतली, तीही पाण्याने. वायूने नाही. दाबलेला वायू फुटला तर तुकडे उडतात, पाणी असेल तर नुसतं ठिबकतं.

आणखी एक धोका लोकांना माहीत नसतो. पुरवठ्याचा दाब पडला तर टाकीतला वायू आणि आंबट पाणी उलटं मागे घराच्या नळात शिरू शकतं. नळ तांब्याचा असेल तर पुढचा ग्लास कळकलेला. अशी विषबाधा अमेरिकेत झालेली आहे, म्हणूनच तिथल्या नियमावलीत अशा यंत्राआधी उलटा प्रवाह रोखणारी झडप सक्तीची आहे, आणि पीएच सहाच्या खालच्या पदार्थाला तांब्याचा स्पर्श वर्ज्य. मी झडप बसवलीच, शिवाय यंत्र घराच्या नळाला जोडलंच नाही. गाळलेलं पाणी वेगळ्या डब्यात भरतो, पंप तिथून घेतो.

राहिला आपला उन्हाळा. वायू थंड पाण्यात राहतो. साध्या हवेच्या दाबाला शून्य अंशावर एक लिटर पाणी सुमारे १.७ लिटर वायू धरतं, २५ अंशावर पाऊण लिटर. म्हणून पाणी चार-पाच अंशांवर आणल्याशिवाय दाब वाढवून उपयोग नाही, तोटीतून नुसता फेस येतो. आणि ३१ अंशांच्या वर सिलिंडरमध्ये द्रव असा उरतच नाही, दाब चढत जातो. सिकंदराबादचा मे महिना लक्षात घेऊन सिलिंडर उत्तरेच्या व्हरांड्यात, सावलीत, उभा बांधून ठेवला. हा वायू जड आहे, त्याला वास नाही, बंद खोलीत तो माणसाला गुपचूप गुदमरवतो.

मग जुनं काय राहिलं?

जुन्या वस्तूंची आवड असणाऱ्या एका गृहस्थांनी मला सुनावलं, की आतलं सगळं बदललंत, आता ही दुरुस्ती नाही, नवं यंत्र आहे. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. कापलेलं वेटोळं मी टाकलेलं नाही, चिठ्ठी बांधून जपून ठेवलं आहे, कारण तोही पुरावा आहे. यंत्र संग्रहालयात जाणार असतं तर मी एक वॉशरही हलवला नसता. पण ज्या यंत्रातून पाणी प्यायचं, त्याच्या बाबतीत माझं मत वेगळं आहे. मूत्राशय गेलं, काच आली. शिसं आपल्या जागी राहिलं, कथील आलं. कथील झिजलं, पोलाद आलं. या यंत्राच्या प्रत्येक पिढीने बाहेरचा थाट सांभाळत आतलं अस्तर सुधारलं. पिणाऱ्याला विश्वासाने ग्लास देता यावा यासाठीच त्या लोकांची खटपट होती. अस्तर बदलणं ही त्यांच्याच कामातली पुढची पायरी आहे.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी, क्लबात, जुन्या उपाहारगृहात असं यंत्र धूळ खात असेल, तर तोटी चमकवण्याआधी एक नळी कापून आत पाहा. लाल दिसलं तर त्यातून एक घोटही पिऊ नका.

पुढच्या भागात बर्फ. १८३३ मध्ये अमेरिकेतल्या तळ्यांचा बर्फ जहाजाने कोलकात्याला आला, तो वाटेत वितळला कसा नाही, ते पाहू.

जय हिंद.