उघडा कर्सर आणि बदलती नोंद

डेटाबेसमधील नोंदी क्रमाने एकेक करून उचलून देणाऱ्या साधनास 'कर्सर' म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ धावणारा. हा धावणारा वाटेत असतानाच वाट बदलली, तर त्यास ती जुनी दिसावी की नवी? प्रश्न वरकरणी तात्त्विक भासतो. परंतु तो पुढे आला तो पगारवाढीच्या हिशेबातून.

कॉड यांच्या १९७० च्या निबंधाचा आधार घेऊन आय.बी.एम.च्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत 'सिस्टिम आर' ही प्रणाली तयार होत होती. १९७६ साली तेथे चेंबरलिन, सेलिंजर व अ‍ॅस्ट्राहान यांस एक चमत्कारिक अनुभव आला. २५,००० डॉलरांहून कमी वेतन असणाऱ्या प्रत्येकास दहा टक्के वाढ द्यावी, अशी आज्ञा होती. ती बिनतक्रार पार पडली. मात्र अखेरीस त्या मर्यादेखाली एकही सेवक उरला नाही! शोध वेतनाच्या चढत्या सूचीवरून चालला होता. २०,००० चे २२,००० होताच ती नोंद सूचीत पुढे सरके आणि शोधास पुन्हा भेटे. मग २४,२००, मग २६,६२०. 'असणाऱ्या' या कृदन्ताचा काळ आज्ञेच्या आरंभीचा, हे मनुष्य न सांगता धरून चालतो. यंत्रास ते शिकवावे लागले. आधी पात्र नोंदी ठरवाव्यात, मग त्या बदलाव्यात, हा त्यावरील एक उपाय. तो दिवस हॅलोवीनचा असल्याने या दोषास तेच नाव चिकटले.

एस.क्यू.एल.च्या १९९२ च्या मानकाने 'इन्सेन्सिटिव्ह' कर्सर मान्य केला : उघडल्यानंतरचे बदल त्यास दिसत नाहीत. इतरांचे वर्तन प्रणालीकर्त्यांवर सोडले. १९९९ च्या मानकात 'सेन्सिटिव्ह' व 'असेन्सिटिव्ह' यांची भर पडली. हे शेवटचे नाव मला सदोष वाटते. 'इन्' व 'अ' हे दोन्ही उपसर्ग नकारवाचकच. येथे मात्र दुसऱ्याचा अर्थ 'दिसेल वा न दिसेल, हमी नाही' असा आहे. नकार आणि अनिश्चय यांस एकाच साच्याचे शब्द देणे वाचकास चकविणारे होय.

व्यवहारात प्रत्येकाने आपापला मार्ग धरला. पोस्टग्रेसमध्ये कर्सर 'इन्सेन्सिटिव्ह'च असतो, मायएस्क्यूएलमध्ये 'असेन्सिटिव्ह'. मायक्रोसॉफ्टच्या एस.क्यू.एल. सर्व्हरमधील 'कीसेट' प्रकार मध्यममार्गी आहे. तो उघडताना केवळ नोंदींच्या ओळखखुणा साठवितो. त्यामुळे बदललेले वेतन त्यास दिसते, इतरांनी नव्याने घातलेला सेवक दिसत नाही, आणि काढून टाकलेल्याच्या जागी −२ हा संकेत हाती येतो.