पूर्ण ताण कसा ओळखावा? नाशिकच्या शिलालेखातील धनुर्धर ते आजचा क्लिकर

नाशिकजवळच्या पांडवलेणीतील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात एक मोठा प्राकृत शिलालेख आहे. सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या १९व्या राज्यवर्षी त्याची आजी गौतमी बलश्री हिने तो कोरवून घेतला. लेणे भिक्षुसंघाला दान केल्याची ही नोंद. पण लेखाचा मोठा भाग या मातेने आपल्या दिवंगत पुत्राच्या, गौतमीपुत्र सातकर्णीच्या, वर्णनासाठी खर्च केला आहे.

त्या वर्णनात त्याला ‘एकधनुधर’ म्हटले आहे. म्हणजे अद्वितीय धनुर्धर. पराक्रमात त्याची तुलना ज्यांच्याशी केली आहे, त्यांत अर्जुनाचेही नाव येते.

ज्या क्षत्रप नहपानाचा गौतमीपुत्राने पराभव केला, त्याच्या चांदीच्या नाण्यांच्या मागील बाजूस बाण आणि वज्र ही चिन्हे असत. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे अशा १३,०००हून अधिक नाण्यांचा साठा सापडला. त्यांपैकी ९,०००हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा उमटवला होता. जिंकलेल्या शत्रूच्या बाणावर विजेत्या धनुर्धराची मोहोर! नाणेशास्त्रात इतका बोलका प्रसंग क्वचितच आढळतो.

एवढे सारे असूनही एक साधी गोष्ट दगड किंवा चांदी सांगत नाही. दोरी पुरेशी ताणली गेली, आता बाण सोडावा, हे त्या धनुर्धराला कळत कसे होते?

प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. धनुष्य जितके अधिक ताणावे तितका त्याचा जोर वाढतो. आजच्या रिकर्व्ह धनुष्यात पूर्ण ताणाच्या आसपास दर इंचामागे साधारण २ पाउंड जोर वाढतो, असा ढोबळ हिशेब धरतात. एक बाण अर्धा इंच कमी ताणून सुटला, तर तो हळू निघतो आणि खाली पडतो. ऑलिम्पिकमध्ये लक्ष्य ७० मीटरवर असते आणि १० गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १२.२ सेंटीमीटर. नेम अचूक, पण ताण कमी, म्हणजे गुण गेले.

थोडक्यात, नेम धरणे हे अर्धेच काम. उरलेले अर्धे काम म्हणजे प्रत्येक बाण तेवढाच ताणणे.

भारतीय परंपरेने याचे उत्तर शरीरात शोधले. ‘आकर्ण’ हा शब्द आपण काव्यातून ऐकतो. दोरी कानापर्यंत ओढलेली, एवढाच त्याचा अर्थ. वासिष्ठ धनुर्वेदसंहितेत मात्र ताणाचे पाच प्रकार नावानिशी दिले आहेत. केसांच्या मुळाशी ओढ थांबली की कैशिक, कानाशी वत्सकर्ण, मानेशी भरत, खांद्याशी स्कंध. पाचवे नाव सात्त्विक. प्रत्येकाचा उपयोग वेगळा. कठीण वस्तू भेदायची तर भरत. लक्ष्य कठीण असून दूरही असेल तर स्कंध.

यातली मेख अशी की मोजमापाची खूण मागच्या हाताशी आहे. दोरी धरलेला हात शरीरावरच्या ठरलेल्या जागी पोहोचला की ताण पूर्ण. आजचे तिरंदाज ज्याला ‘अँकर’ म्हणतात, ती हीच कल्पना. हनुवटीखाली हात, हनुवटीला आणि नाकाच्या टोकाला टेकलेली दोरी, दर वेळी तीच जागा.

पण ही खूण फसवी असते. हात हनुवटीशी पोहोचला, तरी पुढचा खांदा वर चढलेला असू शकतो, मान पुढे झुकलेली असू शकते, मागचे कोपर ढिले असू शकते. दोरी ‘ठरलेल्या जागी’ असूनही बाण सेंटीमीटरभर कमी ताणलेला राहतो. थकलेल्या धनुर्धराचे असे हमखास होते. युद्धात तर प्रत्येकजण थकलेला.

चीनमध्ये याच प्रश्नाकडे दुसऱ्या टोकाकडून पाहिले गेले. मिंग काळातील सेनापती छी जिग्वांग समुद्री लुटारूंशी लढत होता. १५६०च्या सुमारास त्याने सैन्यशिक्षणावर एक ग्रंथ सिद्ध केला. त्यातील धनुर्विद्येच्या भागात एक नेमकी सूचना येते. धनुष्य धरलेल्या हाताच्या बोटाला बाणाच्या पात्याचा स्पर्श जाणवला पाहिजे. तो जाणवत नसेल तर धनुर्धर आंधळ्यासारखाच, असा तिचा आशय.

म्हणजे खूण मागच्या हाताकडून पुढच्या हाताकडे, बाणाच्या टोकाशी आली. पाते बोटाला लागले म्हणजे बाण जेवढा आत यायला हवा तेवढा आला. मान झुकली, खांदा चढला, तरी ही खूण खोटे बोलत नाही, कारण ती ताणाची लांबीच मोजते.

पुढे १६३७ साली गाव यिंग याने धनुर्विद्येवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि बाण सोडण्याच्या क्रियेचे पाच टप्पे केले : नेम, पूर्ण ताण, दोन्ही बाजूंचा समतोल, हलकी सोड आणि एकाग्रता. पूर्ण ताण आणि सोड यांच्यामध्ये त्याने समतोलाचा एक अख्खा टप्पा ठेवला, हे ध्यानात ठेवण्याजोगे. ताण पूर्ण झाल्याबरोबर बाण सोडायचा नाही. दोन्ही खांदे सावकाश, सारख्या जोराने उघडत राहायचे आणि त्या ओघात बाण सुटू द्यायचा.

आता विसाव्या शतकात येऊ. १९२०च्या अँटवर्प स्पर्धेनंतर ऑलिम्पिकमधून बाहेर गेलेली तिरंदाजी १९७२ साली म्युनिकमध्ये परतली. दरम्यानच्या काळात खेळ पालटला होता. धनुष्यावर नेमयंत्र आले, बाण धातूचे झाले आणि त्यांबरोबर एक विचित्र व्याधीही वाढली. नेमयंत्राचा ठिपका सोनेरी वर्तुळावर आला रे आला की बोटे आपोआप उघडत. ताण पूर्ण नसला तरीही. इंग्रजीत तिला ‘टार्गेट पॅनिक’ म्हणतात. चांगले चांगले तिरंदाज तिच्यापायी खेळ सोडून गेले आहेत.

याच काळात अमेरिकेतील तिरंदाजांत क्लिकर रुळला. वस्तू अगदी साधी. पोलादाची पातळ, लवचीक पट्टी धनुष्याच्या मधल्या भागावर, म्हणजे रायझरवर, स्क्रूने बसवायची. बाण तिच्याखालून जातो. ताण पूर्ण होताच बाणाचे टोक पट्टीखालून निसटते, पट्टी रायझरवर आपटते आणि ‘टक्’ असा आवाज येतो. तो आला की सोडायचे.

छी जिग्वांगचे बोट आणि ही पट्टी यांत तत्त्वाचा फरक काहीच नाही. खूण बाणाच्या टोकाशीच आहे, फक्त स्पर्शाऐवजी आवाज आला. भर पडली ती एका गोष्टीची : सोडण्याचा निर्णय डोळ्याकडून काढून कानाकडे दिला गेला. ठिपका सोनेरी वर्तुळावर येवो, डळमळो, आवाज येईपर्यंत बोटांना मुभा नाही. टार्गेट पॅनिकवर हा उतारा लागू पडला, तो यामुळे.

मग प्रश्न उरतो नवशिक्यांचा. क्लिकर कधी बसवावा?

अनेकांची समजूत अशी की उपकरण चांगले असेल तर पहिल्या दिवसापासून का नको? उत्तर वरच्या इतिहासातच दडलेले आहे. पुढची खूण एकूण लांबी मोजते. ती लांबी कशी गाठली, हे तिला कळत नाही. मागची खूण, म्हणजे अँकर आणि पाठीच्या स्नायूंची सवय, पक्की नसलेल्या मुलाच्या धनुष्यावर क्लिकर बसवला की तो आवाजाच्या मागे धावू लागतो. हनुवटी मागे नेतो, मनगट वाकवतो, डोळा लक्ष्यावरून काढून बाणाच्या टोकाकडे लावतो आणि शेवटचे दोन मिलिमीटर हाताने हिसका देऊन काढतो. ‘टक्’ होतेच. पण चुकीच्या अंगस्थितीत. आणि आवाज आला म्हणून ती अंगस्थिती त्याला बरोबर वाटू लागते. ही सवय मोडायला पुढे महिने जातात.

म्हणून जाणते प्रशिक्षक आधी तीन गोष्टी पाहतात. दोरी दर वेळी चेहऱ्यावर त्याच जागी येते का? धनुष्याचा जोर पेलतो का, म्हणजे पूर्ण ताणात काही क्षण थरथर न होता थांबता येते का? आणि बाजूला उभे राहून पाहिले तर बाणाचे टोक दर वेळी जवळजवळ त्याच ठिकाणी थांबते का? तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची. टोक जिथे स्वाभाविकपणे येते, तिथेच क्लिकर बसवायचा. जिथे यावे असे वाटते, तिथे नाही.

सुरुवात लक्ष्याविना होते. चार-पाच पावलांवर गवताची किंवा फोमची जाड पाठ, कागद नाही, गुण नाहीत. आवाज, सोड, पुन्हा आवाज, सोड. काही सेकंदांत आवाज आला नाही तर बाण न सोडता धनुष्य सावकाश उतरवायचे. हे उतरवणे मुलांना सर्वांत जड जाते.

वाढत्या वयाची अडचण निराळी. ताणाची लांबी साधारणपणे पसरलेल्या दोन्ही हातांच्या अंतराला २.५ने भागून काढतात. वर्षभरात हे अंतर ५ सेंटीमीटरने वाढले, तर ताण २ सेंटीमीटरने वाढतो. पट्टी मागे सरकवावी लागते, बाण आखूड पडू लागतात आणि बाणांचा संच स्वस्त नसतो. त्यामुळे मुलांचे बाण थोडे लांबच ठेवतात आणि क्लिकर नेमयंत्राच्या दांडीवर, रायझरच्या पुढे बसवतात. ही तडजोड आहे. पण महाराष्ट्रातील बहुतेक घरांना तीच परवडणारी आहे.

आपल्याकडे पुष्कळ मुले बांबूच्या धनुष्यावर शिकतात. राष्ट्रीय स्पर्धांत ‘इंडियन राउंड’ म्हणून त्याचा वेगळा गट आहे. त्यात क्लिकर नसतो. मागची खूण तेवढी असते. नाशिक-खानदेशच्या डोंगरांतील भिल्लांचे धनुष्यही बांबूचे. त्याची दोरीसुद्धा बांबूच्या सालीची असे. बांबूवर दोन-तीन वर्षे घालवलेले मूल रिकर्व्हकडे येते, तेव्हा त्याला कमतरता समजले जाते. अँकरची शिस्त त्याच्या अंगात असेल, तर ते प्रत्यक्षात एक पायरी पुढे असते.

गंमत अशी की महाराष्ट्राची सर्वांत गाजलेली जागतिक विजेतेपदे क्लिकर नसलेल्या धनुष्यावर आली. २०२३ साली बर्लिनमध्ये साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे जगज्जेते झाले, ते कंपाउंड प्रकारात. त्या धनुष्याच्या चाकांमुळे दोरी ठरावीक जागी येऊन अडते. लांबी यंत्रच ठरवते. रिकर्व्हमध्ये ती सोय नाही. सातारा जिल्ह्यातील सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिम्पिकला गेला, साताऱ्याच्याच पार्थ साळुंखेने २०२३मध्ये लिमरिक येथे २१ वर्षांखालील जागतिक सुवर्ण जिंकले, ते या पट्टीच्या साक्षीने. वैयक्तिक सामन्यात एका बाणाला २० सेकंद मिळतात. आवाज येईना म्हणून एकदा धनुष्य उतरवले, तर त्याच २० सेकंदांत पुन्हा ताणावे लागते.

आणि त्या रांगेत शेजारच्याचा क्लिकरही वाजतच असतो. नवखा तिरंदाज दुसऱ्याच्या ‘टक्’वर आपला बाण सोडून बसतो. मुरलेला तसे करत नाही. प्रेक्षकांच्या गलक्यात स्वतःच्या क्लिकरचा आवाज ऐकू आला नाही, तरी पट्टी आपटल्याचा बारीक धक्का धनुष्य धरलेल्या हाताला जाणवतो आणि तो त्यावर सोडतो. छी जिग्वांगने सांगितलेला स्पर्श, त्याच हाताला.