महाविद्यालयीन शिक्षण : खर्च, कर्ज आणि कुटुंबाचा निर्णय

दहावी-बारावीचे निकाल लागले की सोलापूरच्या नवी पेठेत दुकानांतून राबणाऱ्या अनेक घरांत एकच प्रश्न उभा राहतो : मुलाला किंवा मुलीला महाविद्यालयात पाठवावे, की लगेच कामाला लावावे? शिक्षण नसले तरी मिलमध्ये काम मिळते, असे एके काळी या शहरात म्हणता येत असे. त्या जुन्या मिल बंद पडल्या. त्यामुळे हा निर्णय आता अधिक विचारपूर्वक घ्यावा लागतो.

ख्रिस्तसभेची शिकवण
दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयी जाहीरनामा प्रसिद्ध केला. शिक्षण हा प्रत्येक मानवाचा हक्क असून आईवडील हे मुलांचे पहिले शिक्षक होत, असे त्यात म्हटले आहे. बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा हिशेब करावा, हा दाखला प्रभू येशूने दिला आहे (लूक १४). दोन्ही गोष्टी ध्यानी ठेवाव्यात.

खर्चाचा हिशेब
केवळ शुल्क पाहू नये. परीक्षा शुल्क, पुस्तके, प्रवास, वसतिगृह आणि त्या वर्षांत बुडणारी कमाई हे सर्व मांडावे. प्रवेशासाठी देणगी घेणे महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने निषिद्ध आहे. ती देण्यासाठी दागिने गहाण ठेवू नयेत.

साहाय्य
ख्रिस्ती समाज १९९३ पासून केंद्र शासनाच्या अधिसूचनेनुसार अल्पसंख्याक आहे. राज्याच्या शिष्यवृत्त्यांसाठी महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करता येतो. उत्पन्नाचा दाखला वेळेत काढून ठेवावा. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील, वार्षिक ८ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शुल्कात पूर्ण सवलत देण्याचा निर्णय राज्य शासनाने जुलै २०२४ मध्ये घेतला.

कर्ज
समजा, ४ लाख रुपयांचे कर्ज १० टक्के व्याजाने १० वर्षांत फेडावयाचे आहे. मासिक हप्ता सुमारे ५,२९० रुपये येतो आणि एकूण परतफेड सुमारे ६ लाख ३४ हजार होते. शिक्षण चालू असतानाही व्याज वाढत असते, हे विसरू नये. पहिल्या पगारातून हा हप्ता आणि घरखर्च दोन्ही भागतील काय? याचे उत्तर त्याच अभ्यासक्रमातून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांना विचारावे, प्रवेशपत्रिकेवर विसंबू नये. सावकाराकडे मात्र जाऊ नये.

इतर मार्ग
औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत एक-दोन वर्षांत व्यवसाय शिकता येतो. दहावीनंतर तीन वर्षांची तंत्रनिकेतन पदविका घेतल्यास अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाची वाट खुली राहते. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून पदवी मिळविता येते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेत रुजविलेली 'कमवा व शिका' ही परंपराही आपलीच आहे.

निर्णय घेताना
मुलाची आवड व कुवत प्रथम पाहावी; शेजाऱ्याच्या मुलाशी तुलना करू नये. पैसा अपुरा आहे म्हणून मुलीचे शिक्षण थांबवून मुलाचे चालू ठेवणे हा न्याय नव्हे. सर्वांनी मिळून कागदावर हिशेब मांडावा, मुलांनाही बोलू द्यावे, प्रार्थना करावी आणि मगच निर्णय घ्यावा. महाविद्यालयात न गेलेले मूल कमी प्रतीचे ठरत नाही. प्रामाणिक श्रमाला नाझरेथच्या सुताराच्या घरातही मान होता.